पाववाल्याचा रस्ता

आमच्या अब्बांनी समुद्र बघायला म्हणून कधी सायकल चालवली नाही. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बेकरीतून पाव, खारी, बटर आणि नानखटाई पत्र्याच्या पेटीत भरायची, पेटी कॅरिअरला सुतळीने आवळायची आणि हँडलचा रबरी पोंगा वाजवत सावित्रीच्या खाडीपर्यंतची गावे करीत दुपारी घरी पोचायचे, असा त्यांचा रोजचा रस्ता होता. माल घेऊन निघाले की समुद्र उजव्या हाताला अधूनमधून दिसायचा. त्याच्याशी अब्बांचा संबंध वाऱ्यापुरता. वारा समोरून आला तर पाव उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेला पाव उधारीवर जातो.

आता त्याच किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची मंडळी महागड्या सायकली घेऊन हौसेने येतात. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. शनिवार-रविवारी मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत त्यांचे तांडे दिसतात. आम्ही दोघे भाऊही या वयात त्यांच्यात सामील झालो. थोरला एकसष्ट वर्षांचा. तीस वर्षे कुवेतला मेकॅनिक होता, येताना साखरेचा आजार घेऊन आला. धाकटा सत्तावन्नचा, पनवेलजवळ एका शाळेत मराठी शिकवतो. २०२० च्या टाळेबंदीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोरल्याने सायकल घेतली आणि त्याचे बघून धाकट्याने. दोघांच्या सायकलींना एकवीस गिअर आहेत. अब्बांच्या ॲटलासला एकही नव्हता.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही निघालो त्याला मात्र हौसेबरोबर दुसरेही कारण होते. गावातले अब्बांचे घर आणि त्यामागची अठरा गुंठ्यांची वाडी विकत मागायला एक एजंट वर्षभर फोन करीत होता. सागरी महामार्ग रुंद होणार, खाडीवर पूल होणार, आत्ता भाव आहे, नंतर पस्तावाल, असे त्याचे म्हणणे. इसाराचा कागद तयार करून तो गावातच येणार होता. थोरला विकायच्या बाजूचा, धाकटा न विकायच्या. गाडीत बसून गेलो असतो तर चार तासांत भांडण झाले असते. सायकलवर भांडायला दम पुरत नाही, म्हणून सायकलने गेलो.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० च्या मार्चपासून मोठी रो-रो बोट जाते. तिच्या पोटात मोटारी उभ्या असतात, त्यांच्या कडेला आम्ही सायकली टेकवल्या. आमच्या दादांची पिढी कोकणात जायची ती आगबोटीने. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि शेकडो माणसे गेली. त्यानंतर आमची दादी जन्मभर बोटीत बसताना दरूद पढत राहिली. आता तासाभरात पलीकडे जाता येते आणि बोटीत सामोसे मिळतात.

ज्यांना हा रस्ता करायचा असेल त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो थंड असतो आणि फारसा अडवत नाही. दुपारी समुद्राचा वारा सुटतो तो वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. उलट येणाऱ्याला तोच छातीवर घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम. मार्चनंतर दहा वाजताच डांबर तापू लागते. आणि किनारा म्हणजे सपाट रस्ता, या समजुतीत कोणी राहू नये. कोकणचा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. प्रत्येक खाडीला खाली उतरायचे, पलीकडे जायचे आणि पुन्हा जांभ्याची टेकडी चढायची. नकाशात बोटभर दिसणारे अंतर पायांना हातभर लागते.

मांडवा ते अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, तिथून मुरूड पन्नास. पहिल्या दिवशी एवढे पुरे. अलिबागपुढे नागाव, चौल, रेवदंडा अशी नारळी-पोफळीच्या सावलीतली गावे लागतात. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गडगे आणि समोरून एस.टी. आली की सायकल गडग्याला चिकटवून उभे राहायचे. चौलला आम्ही मुद्दाम थांबलो. धाकट्याला इतिहास सांगायची खोड आहे. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्याने या बंदराला सैमूर म्हटले आहे आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेले त्यांचे वंशज. थोरल्याने हे ऐकून घेतले आणि नारळपाणी पिता पिता म्हणाला, "म्हणजे तेव्हा ते नोकरी-धंद्याला इकडे येत होते. आम्हाला उलटे जावे लागले."

रेवदंड्याच्या खाडीवर पूल आहे. तो ओलांडला की साळाव आणि पुढे कोर्लई. या कोर्लई गावात काही घरांतून अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. पोर्तुगीजांचे राज्य तिथून जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली तरी आयांनी ती मुलांना दिली. आमच्या घरात अम्मी कोकणी बोलायची. धाकट्याची मुले हिंदी बोलतात आणि थोरल्याची नातवंडे इंग्रजी. असो.

काशीदच्या चढावर थोरल्याला धाप लागली. आम्ही उतरून सायकली ढकलल्या. यात लाज नाही. अब्बासुद्धा चढावर उतरत. पेटी भरलेली असली की पुढचे चाक उचलते, म्हणून हँडलवर रेलून चालावे लागते, हे त्यांनीच शिकवले. संध्याकाळी नवाबाचा राजवाडा झाडांच्या वर दिसू लागला तेव्हा मुरूड आले हे कळले. पुढे पाण्यात जंजिरा. १९४८ पर्यंत हे सिद्दींचे संस्थान होते, आणि जंजिरा हे नावच अरबी जझीऱ्यावरून आलेले. मगरिबला मशिदीत गेलो. सायकली पायऱ्यांशी उभ्या होत्या. एका म्हाताऱ्या चाचांनी त्या चारही बाजूंनी न्याहाळल्या, सीट चिमटीत धरून पाहिली आणि विचारले, "याला कॅरिअर का नाय?" आम्ही म्हणालो, हिला नसतोच. "मंग हिच्यावर न्यायचा काय?" असे म्हणून ते वजूला बसले.

दुसऱ्या दिवशी फजर पढून निघालो. आगरदांड्याला फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो होतो. या किनाऱ्याने सलग रस्ता असावा, रेवसपासून थेट रेड्डीपर्यंत, ही कल्पना बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुल्यांची. १९८० ते १९८२ ते मुख्यमंत्री होते, महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री. आंबेतचा माणूस. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नावही त्यांनीच दिले. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात त्यांच्या नावाने माणसे छाती फुगवून बोलत. 'बॅरिस्टरसाहेब रस्ता आणतायत' म्हणजे आता दुःख संपले, असा सूर. अब्बा मात्र म्हणत, रस्ता येईल तेव्हा बेकरीचा टेम्पो येईल. तसेच झाले. रस्ता तुकड्यातुकड्याने आला, टेम्पो आला आणि १९९० च्या आसपास अब्बांची फेरी बंद पडली. अंतुले २ डिसेंबर २०१४ रोजी वारले तोवर खाड्यांवरचे मोठे पूल झालेले नव्हते. गेल्या काही वर्षांत त्यांच्या निविदा निघाल्या, कुठे कामे लागली. हे सगळे पूर्ण झाले की फेरीबोटी थांबतील आणि हा रस्ता सायकलवाल्यांचा राहणार नाही. आमच्या लोकांनी चाळीस वर्षे मागितलेला रस्ता होऊ नये असे आम्ही कसे म्हणावे? आजाऱ्याला खाडीपलीकडे न्यायला बोटीची वाट बघत बसावे लागते, हे आम्ही अम्मीच्या वेळी भोगले आहे. सायकल चालवायला बरे म्हणून गावाने गैरसोय सोसावी, हे म्हणणे पाहुण्याचे झाले. तरी पाण्यावर डुलत येणारी ती बोट पाहून बरे वाटले, हेही खरे.

दिघीला उतरून दिवेआगर, आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धन. सबंध वाटेतला हा तुकडा सर्वांत देखणा. रस्ता समुद्राला इतका लागून जातो की भरतीला खाऱ्या पाण्याचे तुषार चष्म्यावर येतात. दुपारचा वारा पाठीशी होता, पायडल मारावे लागत नव्हते. तिथेच तीन मुले रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसलेली दिसली. पुण्याची, पंचविशीतली. ट्यूब पंक्चर झालेली, जवळची जादा ट्यूबही बदलताना चिमटून फाटलेली, आणि मोबाइलला रेंज नाही.

आम्ही सायकली टेकवल्या. थोरल्याने टायर उतरवले, ट्यूब फुगवून ओठांजवळ फिरवली. पाणी नसले तर हवा ओठाला लागते, ही अब्बांची रीत. भोक सापडले. कानशीने घासून, सोल्युशन लावून, ते सुकेपर्यंत फुंकर न घालता थांबायचे, मग ठिगळ. टायर चढवण्याआधी आतून हात फिरवून काटा काढायचा. मुलांनी तो काढला नव्हता. जादा ट्यूब घातली असती तरी तीही गेली असती. वीस मिनिटांत काम झाले.

"काका, तुम्ही तर एकदम एक्स्पर्ट पंक्चरवाले निघालात!" एकजण म्हणाला. तो मनापासून म्हणाला. मग नावे विचारली. आम्ही सांगितली. मुलगा लाल झाला. 'पंक्चरवाला' हा शब्द हल्ली कोणाला हिणवायला वापरतात हे त्यालाही ठाऊक असावे, त्याच्याही मोबाइलवर ते येत असणार. त्याला काय बोलावे कळेना. थोरला हात पुसत म्हणाला, "अरे, पंक्चर काढता येते ही काय शिवी आहे? तुला येत असते तर दीड तास उन्हात बसला नसतास." सगळे हसले. आम्हीही हसलो.

"तुम्ही कुठले, काका?"

"इथलेच."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचेही इथलेच."

निघता निघता दुसरा मुलगा समुद्राकडे बघत म्हणाला, "काय शांत आहे ना! रस्त्यावर चिटपाखरू नाही. असा रस्ता कुठे मिळत नाही." आम्ही हो म्हणालो. पुढे बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या मुलाचे काही चुकले नव्हते. आम्हालाही तेच आवडले होते.

श्रीवर्धनच्या वाड्यांतून आत शिरताना मधूनच आकाश फार दिसते. पूर्वी दिसत नसे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या पोफळी उभ्या मोडल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे सुपारीत नावाजलेला माल. सुपारीचे झाड लावल्यापासून धरायला काही वर्षे जातात, आणि ज्यांची वाडी गेली त्यातल्या म्हाताऱ्यांनी ती पुन्हा धरलेली बघायची आशा सोडली. त्या वादळात आमच्या घराची अर्धी कौले उडाली. अब्बा २०११ साली गेले, त्यानंतर माळ्यावर ठेवलेली त्यांची ॲटलास पावसाळाभर भिजत राहिली. टाळेबंदीमुळे आम्ही दोघेही पोचू शकलो नाही. पुढे कधीतरी वाचनात आले की त्याच ३ जूनला साहिबाबादचा ॲटलासचा कारखाना बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. अब्बा असते तर त्यांना हे सांगितले असते. ते म्हणाले असते, मग सुटे भाग घेऊन ठेवा.

तिसऱ्या दिवशी श्रीवर्धन सोडले तसा अब्बांचा रस्ता सुरू झाला. आम्हाला प्रत्येक वळण पाठ. इथे पोंगा एकदा वाजवायचा, इथे दोनदा. या घरची नानखटाई, त्या घरची उधारी. ही आळी कुणब्यांची, ही कोळ्यांची, हा आमचा मोहल्ला, पुढे ब्राह्मणवाडी. पाव सगळीकडे जायचा. गणपतीत अब्बा ब्राह्मणवाडीत थांबून उकडीचे मोदक घेऊन येत आणि ईदला तिथे शिरखुर्म्याचा डबा पोचवत. यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते, म्हणून कोणी त्यावर लेख लिहिला नाही.

दुपारी आमच्या गावात शिरलो. गावाचे नाव लिहीत नाही. चाळीसेक घरे, एक मशीद, एक दर्गा, खाली खाडी. घरे मात्र बघावीत अशी. गुलाबी, पोपटी, संगमरवरी पायऱ्या, नक्षीचे लोखंडी दरवाजे आणि दरवाजांना कुलुपे. मालक कुवेत, कतार, दुबई, सौदीत, नाहीतर मुंब्र्यात, नाहीतर केपटाऊनला. मे महिन्यात आणि लग्नसराईत दिवे लागतात. बाकी वर्षभर एकेका घरात एखादी म्हातारी, आणि वाडी शिंपायला झारखंडचा एक मुलगा. पेशइमाम बिहारचे. जुम्म्याला एक सफ पुरी होत नाही, असे ते सांगत होते. शाळेत गेल्या वर्षी पाच मुले होती.

पुण्याच्या मुलाला आवडलेली शांतता ती हीच. ती समुद्राने दिलेली नाही. ती आम्ही केली आहे, आमच्यासारख्या दोघा-दोघा भावांनी, एकेक करून निघून जाऊन. थोरला कुवेतला गेला तेव्हा अब्बांनी पाच हजार रुपये कर्ज काढले होते. त्याच्या पैशांतून घराला पक्क्या भिंती आल्या, धाकट्याचे बी.एड. झाले, बहिणीचे लग्न झाले. गेलो नसतो तर काय झाले असते, याचे उत्तर आमच्याकडे नाही. गावाबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांनी आधी गावात राहून दाखवावे, असे थोरला नेहमी म्हणतो, आणि तो लेखनावर गावाच्या नावाने जगणाऱ्या धाकट्याला उद्देशून म्हणतो.

घराची किल्ली शेजारच्या खालेकडे असते. ती आमच्या अम्मीची मैत्रीण, आता ऐंशीच्या वर. तिने तांदळाची भाकर आणि खाडीच्या बोईटांचे आंबट घातलेले कालवण केले होते. जेवता जेवता आम्ही एजंटचे सांगितले. संध्याकाळी कागद घेऊन येतोय, म्हणालो. थोरल्याने त्याची बाजू मांडली, धाकट्याने त्याची. खाला ऐकत होती. मग म्हणाली,

"बहिनीला विचारलाव?"

आम्ही गप्प झालो. विचारले नव्हते. विचारायची गरज नव्हती. अब्बांचा चाळिसावा झाल्यावर महिन्याभरात आम्ही तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले होते. गावात सगळे घेतात. अम्मी आधीच गेलेली होती. शरीयतीप्रमाणे दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाचातला एक हिस्सा तिचा. आम्ही पाच वेळा नमाज पढणारी माणसे. जुम्म्याचे खुतबे ऐकतो, आमच्या कायद्याला कोणी हात लावू नये म्हणून सभांना जातो. तो पाचवा हिस्सा मात्र आम्ही तलाठ्याच्या टेबलावर सहज काढून घेतला. तिने कागद वाचलाही नाही. "भावांचं घर राहिलं तर माहेर राहील," असे म्हणून सही केली. आणि आता ते माहेर विकायचे की नाही यावर आम्ही दोघे तीन दिवस सायकली हाणीत भांडत होतो.

खाला एवढ्यावर थांबली नाही. "आठ दिस पाव कोनी आनला होता रे? तू आनलास? का ह्यानं?"

ती गोष्ट अशी. १९७६ सालचा पावसाळा संपत आला होता. अब्बांना थंडी वाजून ताप भरला. थोरल्याचा हात आंब्यावरून पडून मोडलेला, धाकटा आठ-नऊ वर्षांचा. फेरी चुकली तर बेकरीवाला दुसरा माणूस लावणार. बहीण अकरा वर्षांची. तिघांत सायकल आधी आली ती तिला. आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून. सीटवर तिचे पाय पोचत नसत. ती पहाटे अम्मीला सांगून निघाली. पेटी अर्धी भरायची आणि दोन खेपा करायच्या. चढावर ढकलायची, उतारावर नळीवर उभी राहायची. दर्ग्याचा उतार तेव्हा मातीचा होता, खाली थेट खाडीपर्यंत जाणारा. त्या उतारावरून ती पोंगा वाजवत यायची आणि सगळा मोहल्ला ओट्यावर येऊन बघायचा. आठ दिवस तिने पाव पोचवला. एक पै उधारी ठेवली नाही, असे अब्बा पुढे सांगत.

नवव्या दिवशी जुम्मा होता. नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर कोणीतरी अब्बांना काही सांगितले. काय ते आम्हाला कळले नाही. घरी येऊन ते तिला रागावले नाहीत. शनिवारी अंगात ताप असताना स्वतः सायकल काढून गेले. त्यानंतर तिने सायकलला हात लावला नाही. चौथीनंतर शाळाही सुटलेलीच होती. पुढे थोरल्याने त्याच सायकलवरून हायस्कूल केले, धाकट्याने केले. ती सायकल तिच्याकडून आमच्याकडे आली हे आम्ही विसरून गेलो होतो. खाला विसरली नव्हती.

जेवणानंतर माळ्यावर चढलो. ॲटलास तिथेच होती. चेन गंजून एकच झालेली, टायर सुकून भेगाळलेले, पेटीचा पत्रा खाल्लेला. पोंग्याचे रबर हाताला लावताच तुकडे झाले. आम्ही ती खाली उतरवली आणि पडवीत उभी केली. थोरल्याने सवयीने फ्रीव्हील हलवून पाहिले. ते फिरेना. त्याने रॉकेल मागितले. खालेकडे रॉकेल नव्हते, खोबरेल होते.

संध्याकाळी एजंट आला. चांगला मुलगा होता, आमच्याच समाजातला, बोलायला नम्र. आम्ही सांगितले, आज सही होणार नाही, तिसरी सही लागेल. त्याने सातबारा काढून दाखवला. "चाचा, वारसांत तुम्ही दोघेच आहात. तिसरं नाव कुठाय?" आम्ही म्हणालो, ते आधी लावून घ्यायचे आहे. त्याला वाटले आम्ही भाव वाढवतोय. त्याने भाव वाढवलाही. मग चहा पिऊन गेला. थोरला अजूनही विकायच्याच मताचा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. धाकट्याचेही मत बदललेले नाही.

सकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. पलीकडे वेश्वी, बाणकोट, मग वेळास, केळशी. पुढचा रस्ता आम्ही आधी एकदा केला होता. केळशीचा याकूबबाबांचा दर्गा, आंजर्ल्याची उतरण, हर्णै, आणि दाभोळला धक्क्याजवळची जुनी दगडी मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात. तिथून फेरीने धोपाव्याला उतरून गुहागर. यंदाही दाभोळपर्यंत जाऊन चिपळूणहून रेल्वेने परतायचे ठरवले होते. गाडीत सायकली घालताना हमालाशी घासाघीस करावी लागते, तेवढी तयारी ठेवावी.

फेरी सुटली. खाडीत पूर्वी कधी हाती घेऊन अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत, त्यांवर पाणकावळे बसलेले होते. पाण्याच्या मध्यावर मोबाइलला रेंज आली. आम्ही महाडला बहिणीला फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा धरला. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, ती उठून फोनपर्यंत यायला वेळ लागतो. आम्ही सगळे सांगितले. कागदाचे, सातबाराचे, खालेचे, माळ्यावरच्या सायकलीचे. बोलताना आम्ही दोघे एकमेकांचे वाक्य तोडत होतो. ती मध्ये काही बोलली नाही. आम्हाला वाटले फोन कटला.

मग ती म्हणाली, "दर्ग्याचा उतार डांबरी झाला काय रे?"

झाला, म्हणालो.

"मग ब्रेक धरतो?"

धरतो, म्हणालो. तिने आणखी काही विचारले, पण फेरीचा भोंगा वाजला आणि ऐकू आले नाही. वेश्वीला उतरल्यावर चढ चढण्याआधी सायकली बाजूला घेतल्या आणि पुन्हा फोन लावला.